मेम्ब्रेनवरचा आळ

समुद्राचं पाणी दाबाने मेम्ब्रेनमधून, म्हणजे मीठ अडवणाऱ्या पडद्यातून, ढकलून गोडं करणारा आमचा आरओ प्लांट डिझेल जनरेटरवर चालतो. त्या दिवशी टाकीत पहिल्यांदाच बी-20 भरलं, म्हणजे 20 टक्के बायोडिझेल आणि बाकी नेहमीचं डिझेल. बायोडिझेलमध्ये ऊर्जा थोडी कमी असते, पण या मिश्रणात फरक एक-दोन टक्क्यांचाच. एवढ्याने काही अडत नाही, असं मी सकाळीच सगळ्यांना ठासून सांगितलं होतं. आमचा हिशेब असा: घनमीटरभर पाण्याला साडेतीन-चार युनिट लागतात आणि लिटरभर इंधनातून साधारण तेवढीच वीज निघते. लिटरमागे जवळपास हजार लिटर पाणी.

तीन तास सगळं सुरळीत. चौथ्या तासाला गोड्या पाण्याची कंडक्टिव्हिटी, म्हणजे त्यातल्या मिठाचं माप, 430 वरून सरकू लागली. 460, 480. मग 500 ओलांडले, अलार्म वाजला आणि व्हॉल्व्हने पाणी टाकीऐवजी बाहेर वळवलं. पाण्याचा प्रवाहही घटला होता. प्रेशर 60 बारवरून 54 वर.

"मेम्ब्रेन गेली," मी म्हणालो आणि धुण्यासाठी सायट्रिक ॲसिड काढायला सांगितलं.

खरं तर तिथेच थबकायला हवं होतं. जोडातली रबरी ओ-रिंग फाटली तर पाणी खारट होतं, पण प्रवाह वाढतो. मेम्ब्रेन तुंबली तर प्रवाह घटतो, पण पंपाचं प्रेशर खाली का यावं? घाईत माणूस जे आधी ठरवलेलं असतं तेच पाहतो, मी तरी पाहतो.

फिटर ॲसिडची पिशवी घेऊन आला आणि पंपाशी उभा राहिला. "साहेब, पंपाचा आवाज बसलाय. रोजची शीळ नाही येत."

जनरेटरच्या खोलीत गेलो. फ्रिक्वेन्सी 47.5 हर्ट्झ. कमी फ्रिक्वेन्सीचा अलार्म 47 ला लावलेला, म्हणून तो गप्प. इंजिन 1500 ऐवजी 1425 फेऱ्यांवर आलं होतं. पंप त्याच विजेवर थेट चालणारा सेंट्रिफ्यूगल. गती पाच टक्के घटली की दाब दहा टक्के घटतो. ते सहा बार इथे गेले होते.

सहा म्हणजे थोडे वाटतात. पण समुद्राच्या पाण्याचा स्वतःचाच परासरण दाब, म्हणजे मिठामुळे पंपाच्या विरुद्ध ढकलणारा दाब, 27 बारच्या घरात, आणि मेम्ब्रेनवरून पुढे जाताना ते आणखी खारट होत जातं. तो सगळा उलटा दाब वजा केला तर 60 मधले कामाचे उरतात जेमतेम 24. आमचे सहा गेले ते या 24 मधून. पाणी कमी झिरपलं. मीठ मात्र दाबाकडे बघत नाही, ते आपल्या चालीने येतच राहतं. तेवढंच मीठ, कमी पाणी. मीटर चढणारच.

मग इंधन फिल्टर काढला. फिटरने त्याचा डबा कापून कागदाच्या घड्या उलगडल्या. घडीघडीत काळा, चिकट गाळ, बोटाला लागला की पुसूनही डाग जाईना. बायोडिझेल चांगलं द्रावक असतं. टाकीच्या तळाशी आणि पाइपांच्या आत वर्षानुवर्षं साचलेला चिखल त्याने सोडवून आणला होता. इंधन निर्दोष होतं, घाण आमचीच.

नवा फिल्टर घातला, लाइनमधली हवा काढली, 50 हर्ट्झ आले. अर्ध्या तासात कंडक्टिव्हिटी 440 वर. दोन तासांनी पुन्हा तोच खेळ. संध्याकाळपर्यंत तीन फिल्टर गेले, तेव्हा कुठे टाकी रिकामी करून घासायचं ठरलं. तळाशी पाण्याचा थरही सापडला. हे काम बी-20 भरण्याच्या आधीचं, आणि ते माझ्या यादीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या लॉगशीटवर फ्रिक्वेन्सी आणि इंधन फिल्टर असे दोन नवे रकाने आखले. सायट्रिक ॲसिडची न फोडलेली पिशवी फिटरने परत स्टोअरमध्ये ठेवली, माझ्याकडे न बघता.