मृगापासून पोळ्यापर्यंत: मॉड्युलरमधील फिल्टरचा अभ्यास

मॉड्युलर सिंथेसायझर म्हणजे सुटी मॉड्यूल तारांनी जोडून आवाज घडवण्याचे इलेक्ट्रॉनिक वाद्य. मागील नोंदीत ते शिकताना ऑसिलेटर (मूळ स्वर काढणारा), एन्व्हलप (स्वर वाजताच चढून उतरणारा व्होल्टेज) आणि व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारा) इथपर्यंतची वाटचाल मांडली होती. मृग लागला त्या आठवड्यात फिल्टर, म्हणजे आवाजातील काही कंप्रता दाबणारे मॉड्यूल, हाती घेतला आणि पोळ्यापर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. साधने मोजकीच आहेत: जुन्या लॅपटॉपवर 2017 पासून मोफत मिळणारे व्हीसीव्ही रॅक हे मॉड्युलरचे सॉफ्टवेअर, आणि हिंगणघाटपासून 16 किलोमीटरवरील आमच्या घराच्या माडीवर, टिनाच्या छताखाली ठेवलेला चार मॉड्यूलचा छोटा रॅक. त्यात लो-पास (खालचे जाऊ देऊन वरचे दाबणारा) फिल्टर एकच आहे. नवशिक्याला एकच फिल्टर पुरतो, किंबहुना एकच असावा, असे आता माझे मत झाले आहे.

सुरुवातीला मी फिल्टरला चाळणी समजत होतो. कटऑफ (फिल्टर जिथून दाबू लागतो ती कंप्रता) 440 हर्ट्झवर ठेवला की त्याच्या वरचे सगळे अडेल आणि खालचे सगळे जाईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो तूर उफणण्यासारखा प्रकार निघाला. सुपातून धार सोडली की दाणे जवळ पडतात, कुटार लांब उडते आणि मध्ये दोन्ही मिसळलेला एक पट्टा राहतो. वारा जितका जोराचा, तितका तो पट्टा अरुंद. फिल्टरचा हा वारा म्हणजे त्याचा उतार. दर सप्तकाला 12 डेसिबल उताराच्या फिल्टरमध्ये कटऑफच्या बरेच वर गेल्यावर प्रत्येक सप्तकामागे आवाजाची पातळी साधारण एक चतुर्थांश होते, तर 24 डेसिबलच्या फिल्टरमध्ये एक सोळांश. त्यामुळे दोन फिल्टरवर आकडा एकच असला, तरी एकातून आवाज मोकळा येतो आणि दुसऱ्यातून गोधडीखालून आल्यासारखा दबलेला येतो.

हे कानाने पटायला एक प्रयोग पुरेसा आहे. ऑसिलेटरची करवती लहर 110 हर्ट्झवर ठेवावी, कारण तिच्यात 220, 330, 440 असे पटीतले सगळे उपस्वर असतात. ही लहर लो-पासमधून काढावी, रेझोनन्स बराच वाढवावा (फिल्टर स्वतःच शिट्टी घालू लागेल इतका नव्हे) आणि कटऑफची खुंटी शक्य तितक्या सावकाश फिरवावी. रेझोनन्स कटऑफपाशीचा अरुंद भाग उचलून धरतो, म्हणून प्रत्येक उपस्वर आपली पाळी आली की उठून दिसतो. 110 ला षड्ज मानला, तर आधी वरचा सा, मग त्यावरचा पंचम, पुन्हा सा, आणि पाचव्या जागी, 550 हर्ट्झवर, शुद्ध गंधार येतो. भजनी मंडळात पेटीवर मला सांभाळून घेणारे काका त्या संध्याकाळी माडीवर आले होते. गंधार आला तसे ते म्हणाले, "हा त तंबोऱ्यातला गंधार होय न बाप्पा!" त्यांना फिल्टर हा शब्द सांगायची गरजच पडली नाही. सातवा उपस्वर मात्र धैवत आणि कोमल निषाद यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. तो त्यांना बेसूर वाटला आणि त्यांच्या कानाप्रमाणे ते बरोबरच आहे.

माझे सर्वांत जास्त दिवस ज्या चुकीत गेले ती एन्व्हलपची आहे, म्हणून ती सविस्तर लिहितो. एन्व्हलपची तार कटऑफच्या सीव्ही (नियंत्रक व्होल्टेजच्या) इनपुटला जोडली, त्या इनपुटची खुंटी पूर्ण उघडली, आणि आवाज बराच वेळ लख्ख उघडा राहून एकदम मिटू लागला. मधला जो गोलसर उतार हवा होता, तो जवळपास ऐकूच येत नव्हता. डीके (एन्व्हलप उतरण्याचा वेळ) वाढवून पाहिला, कमी करून पाहिला, मॉड्यूललाही दोष दिला. कारण साध्या गुणाकारात होते. कटऑफ एका व्होल्टला एक सप्तक या हिशेबाने सरकतो. रॅकमधील एन्व्हलप 10 व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे 10 सप्तके. कटऑफ 100 हर्ट्झपासून सुरू केला, तर 10 सप्तके वर तो कागदोपत्री 1,02,400 हर्ट्झला पोहोचतो, आणि माणसाचा कान 20,000 च्या आसपासच थांबतो. एन्व्हलपचा वरचा बराचसा प्रवास अशा उंचीवर चालला होता, जिथे ऐकण्यासारखे काहीच नव्हते. खुंटी 40 टक्क्यांवर आणली, तेव्हा 4 सप्तके उरली, 100 पासून 1600 हर्ट्झपर्यंत, आणि त्याच डीकेमध्ये हवा तो "वाँव" मिळाला. आता मी आधी कटऑफ हाताने फिरवून आवाज कुठून कुठे जायला हवा ते ठरवतो आणि मगच तार जोडतो.

कीबोर्डचा व्होल्टेज कटऑफलाही दिला नाही, तर वरचे स्वर मंद आणि खालचे स्वर कर्कश वाटतात. हे एका तारेचे काम आहे, त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही. दुसरी गोष्ट अशी की, रॉबर्ट मूग यांच्या ट्रान्झिस्टर लॅडर फिल्टरमध्ये, ज्याचे पेटंट त्यांना 1969 मध्ये मिळाले, रेझोनन्स वाढवला की खालचा भरीव आवाज कमी होतो. माझा फिल्टर त्याच घराण्याचा असल्याने खर्ज गेला म्हणून मी उगाच स्पीकर तपासत बसलो होतो. हा बिघाड नसून त्या रचनेचा स्वभाव आहे. काहींना तोच आवडतो, मला अजून आवडलेला नाही.

जुलैमध्ये रॅकमधून 50 हर्ट्झची गुणगुण येऊ लागली. फिल्टरचा अभ्यास चालला आहे तर फिल्टरनेच काढू, या उत्साहात मी रॅकचा आवाज लॅपटॉपमध्ये घेऊन 80 हर्ट्झवर हाय-पास (खालचे दाबणारा फिल्टर) लावला. 50 ची गुणगुण कमी झाली, पण तिचे 100 आणि 150 चे उपस्वर ऐकू येतच राहिले आणि माझा 110 चा षड्ज तेवढा पातळ झाला. शेवटी गावातील वायरमनकडून घराचे अर्थिंग पाहून घेतले. उन्हाळ्यात आमची काळी जमीन भेगाळते, तेव्हा खड्ड्यातील पट्टीभोवतीची माती सुटली होती. मीठ-कोळसा नव्याने भरून वर पाणी सोडल्यावर गुणगुण बहुतेक गेली.

पोळा जवळ आला तशी बैलांच्या घागरमाळेचा आवाज करून पाहण्याची इच्छा झाली. रेझोनन्स शिट्टीच्या अगदी अलीकडे ठेवून फिल्टरच्या ऑडिओ इनपुटला छोटा ट्रिगर (व्होल्टेजचा क्षणिक ठोका) दिला की तो ठोकलेल्या भांड्यासारखा वाजून विरत जातो. ऑसिलेटर लागतच नाही. पण एका फिल्टरमधून एकच शुद्ध स्वर मिळतो आणि तो घागरीपेक्षा जलतरंगाच्या वाटीजवळ जातो. म्हणून लॅपटॉपवर तीन फिल्टर 1240, 2110 आणि 3370 हर्ट्झवर लावले, म्हणजे त्यांचे गुणोत्तर साध्या पूर्णांकात बसू नये. धातूचा भास त्या न बसण्यातूनच येतो. तरीही आवाज देवळातल्या घंटेसारखाच येत होता. गोठ्यातील खुंटीवरची माळ काढून हातात हलवून पाहिली, तेव्हा उलगडा झाला: पितळी घागरीच्या आत गोळी असते आणि एका झटक्यात ती एकदा न आदळता चार-पाच वेळा, कमी-जास्त जोराने आदळते. मग ट्रिगर काढून व्हाइट नॉइजचा (सगळ्या कंप्रता असलेल्या सरसर आवाजाचा) 30 मिलिसेकंदांचा तुकडा तिन्ही फिल्टरांना दिला आणि खुळखुळ आली.

माडीवरच्या रॅकमध्ये हेच करताना वेगळी अडचण आहे. दुपारी टिन तापले की फिल्टरचा स्वर सरकतो, त्यामुळे तिथला प्रयोग सकाळी आठच्या आतच करावा लागतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती खुळखुळ एकसारख्या क्लॉकवर (ठरावीक अंतराने ठोके देणाऱ्या मॉड्यूलवर) लावून काकांना ऐकवली. त्यांनी डोळे मिटून थोडा वेळ ऐकले आणि विचारले, "बैल चालून राह्यला, का उभ्या उभ्या मान हालवून राह्यला?" क्लॉकला आता सावकाश बदलणारा रँडम व्होल्टेज जोडला आहे, पाऊल किती मागेपुढे पडू द्यायचे, ते ठरवणे बाकी आहे.