नवंकोरं जुनं हॉटेल

जुनं दिसावं म्हणून नवीन बांधलेल्या हॉटेलांचं मला भारी कौतुक वाटतं. आपल्याकडे हायवेला नाही का, कालपरवा बांधलेल्या ढाब्यासमोर रंगवलेलं बैलगाडीचं चाक आणि आत बल्ब घातलेले कंदील, तसंच. पण या प्रकारातले उस्ताद म्हणजे अमेरिकेतली बर्गरची चेन, जॉनी रॉकेट्सवाले. लाल सीटचे स्टूल, चकाचक क्रोम, टेबलावर पिटुकला जुकबॉक्स, म्हणजे नाणं टाकून गाणं लावायचं यंत्र, कागदी टोपी घातलेली वेटर पोरं, गाणं लागलं की ती हातातलं काम टाकून नाचणार, आणि फ्राइजसोबत कागदी प्लेटमध्ये केचपने काढलेला हसरा चेहरा. बघणाऱ्याला वाटेल दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय, आणि पहिलं दुकान निघालं कधी तर १९८६ला, लॉस एंजेलिसच्या मेलरोझ अ‍ॅव्हेन्यूवर, एक काउंटर आणि वीस स्टूल एवढंच!

काढणारा रॉन टायटलबॉम. आधी पुरुषांच्या फॅशनेबल कपड्यांचा धंदा होता त्याचा, आणि मला वाटतं सगळी मेख तिथेच आहे, कारण बर्गर कोणीही भाजेल हो, पण टोपी कुठली आणि बो टाय कसा हे कपडेवाल्यालाच सुचणार. नाव पण असंच शिवलेलं, जॉनी घेतला अमेरिकाभर सफरचंदाची झाडं लावत फिरणाऱ्या जॉनी अ‍ॅपलसीडवरून आणि रॉकेट घेतलं ओल्ड्समोबिलच्या रॉकेट ८८ गाडीवरून.

गंमत म्हणजे त्याने ज्याच्यावरून हे उचललं ते 'द अ‍ॅपल पॅन' नावाचं बर्गरचं हॉटेल त्याच शहरात पिको बुलेव्हार्डवर होतं आणि अजूनही आहे. १९४७चं. घोड्याच्या नालेच्या आकाराचं काउंटर, मधे वेटर, चारी बाजूंनी, म्हणजे तीन बाजूंनी, गिऱ्हाईक. टेबलं नाहीतच, एखादा उठेपर्यंत त्याच्या पाठीमागे भिंतीला टेकून उभं राहायचं. बर्गर कागदात गुंडाळून हातात. तिथे नाचबिच कोणी करत नाही, त्यांना गरजच काय.

खरं तर हा काउंटरवाला जमाना संपवायला हातभार लावला तोही बर्गरवाल्यांनीच. १९४८ला सॅन बर्नार्डिनोत मॅकडोनल्ड भावांनी आपलं चालतं दुकान तीन महिने बंद ठेवलं, गाडीपाशी ऑर्डर आणून देणाऱ्या पोरी काढून टाकल्या, प्लेटा काढल्या, मेन्यू छाटला आणि १५ सेंटला बर्गर, खिडकीशी या, घेऊन जा. स्वस्त आणि झटपट, सगळ्यांना तेच हवं होतं. मग तीसचाळीस वर्षांनी लोकांना आठवण यायला लागली की अरे, पूर्वी कोणीतरी समोर उभं राहून विचारायचं आपल्याला काय हवंय, आणि ते विचारण्याचे थोडे जास्त पैसे द्यायलाही लोक तयार झाले. टायटलबॉमने बरोबर हेच विकलं.

चेन पसरली मग, मॉलमध्ये, परदेशात, चक्क रॉयल कॅरिबियनच्या क्रूझ जहाजांवर पण. टायटलबॉम २०००मध्ये गेला, कंपनी या हातातून त्या हातात फिरत २०२०ला फॅट ब्रँड्स या हॉटेल चेनवाल्या कंपनीने अडीच कोटी डॉलरला घेतली.

आता हिशोब करा, १९४७ ते १९८६ झाली ३९ वर्षं. आणि १९८६ला होऊन आता जवळपास तेवढीच झाली की! म्हणजे नक्कल आता अस्सलाच्या तेव्हाच्या वयाची झाली, आणि कोणीतरी हुशार कपडेवाला उद्या ऐंशीच्या दशकातल्या जॉनी रॉकेट्ससारखं दिसणारं हॉटेल काढेल याची मी वाट बघतोय.