तुम्ही विचारलंत म्हणून: बंट आला की कुणी कुठं जायचं?

शालेय स्पर्धेत आमची सॉफ्टबॉलची मॅच संपली की समोरच्या शाळेचे क्रीडाशिक्षक जवळ येऊन हमखास विचारतात, ‘मॅडम, बंट पडला की आमच्या पोरींचा नुसता गोंधळ उडतो. तुम्ही बंट उचलायला शिकवता तरी कसं?’ पालकांचा प्रश्न जरा वेगळा असतो. ‘पोरींना बॉल न देताच पळवता म्हणे?’ दोन्हींचं उत्तर एकच आहे. बंटमध्ये बॉल उचलणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग. अवघड काम असतं ते बॉल हातात नसलेल्या आठ जणींचं. माझा वेळ तिथं जातो.

सॉफ्टबॉल फारसा न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. पिचर बॉल टाकते, होम प्लेटपाशी उभी असलेली बॅटर तो मारते, आणि फर्स्ट, सेकंड, थर्ड बेस घेत परत होमला आली की रन. वाटेत असते ती रनर, आणि होम प्लेटच्या मागं बसते ती कॅचर. बंट म्हणजे बॅट न फिरवता ती नुसती आडवी धरायची आणि बॉल होम प्लेटच्या पुढ्यात अलगद पाडायचा. बेसबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर 90 फूट असतं, आपल्याकडं 60 फूट. म्हणजे जेमतेम 18 मीटर. पळायला चपळ असलेली पोरगी तीन-साडेतीन सेकंदांत फर्स्ट बेसला पोचते. तेवढ्यात कुणीतरी पुढं यायचं, वाकायचं, उचलायचं, वळायचं, फेकायचं, आणि तिकडं झेलायला कुणीतरी उभंही असायला हवं. त्यामुळं ज्या टीमला जोराचा पिचर खेळता येत नाही ती सरळ बंट मारते. त्यात गैर काही नाही, मीही मारायला लावते.

सांगली-मिरजेकडच्या पोरी या खेळात येतात त्या बहुतेक कबड्डी नाहीतर खो-खो खेळून. पाय तयार असतात, वाकायची सवय असते, ते सगळं फुकट मिळतं. पण कबड्डीची एक खोड बरोबर येते. चढाईवाली आत आली की सगळ्यांनी मिळून तिच्यावर पडायचं! बंट पडल्यावरही तेच होतं. थर्ड बेसवाली, पिचर, फर्स्ट बेसवाली, कॅचर, चौघी बॉलवर. एकजण उचलते, मान वर करते, तर फर्स्ट बेसवर कुणीच नाही. तरीही ती फेकते. बॉल राइट फील्डच्या, म्हणजे फर्स्टमागच्या मैदानाच्या, कोपऱ्यात, आणि समोरच्या टीमची रन होमला.

म्हणून पहिले काही दिवस बॉल पेटीतच राहतो. मी होम प्लेटपाशी बॅट घेऊन उभी राहते आणि बंटसाठी हात सरकवते, एवढंच. हात सरकला की सगळ्यांनी जागा गाठायच्या आणि तिथंच थांबायचं. मग मी विचारते, ‘कुठली बेस उघडी आहे?’ फर्स्ट बेसवर रनर असेल तेव्हाची आमची मांडणी अशी: फर्स्टवाली आणि थर्डवाली पुढं धावतात, पिचरही उतरते. सेकंड बेसवाली फर्स्ट बेसवर जाते, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्डच्या मधे उभी असते ती) सेकंडवर. राइट फील्डर फर्स्टच्या मागं, सेंटर फील्डर सेकंडच्या मागं. इथपर्यंत बहुतेक टीम येतात. विसर पडतो तो थर्ड बेसचा. थर्डवाली पुढं गेलेली, शॉर्टस्टॉप सेकंडला. फर्स्टवरची रनर पिचरच्या हातून बॉल सुटताच निघालेली असते, ती सेकंडला वळसा घालते आणि थर्डवर कुणी नाही हे बघून थांबतच नाही. आमच्याकडं तिथं कॅचर जाते. कॅचरनंच बंट उचलला असेल तर पिचर. काही कोच हे काम लेफ्ट फील्डरला देतात, तेही चालतं. पण कुणाचं ते आधी ठरलेलं हवं.

ओरडायचं मात्र फक्त कॅचरनं. सगळं मैदान तोंडासमोर असलेली ती एकटीच. पुढं धावणारीची पाठ बेसकडं असते. ‘एक! एक!’ म्हणजे फर्स्ट, ‘दोन!’ म्हणजे सेकंड. घरात दबक्या आवाजात बोलायची सवय लागलेल्या पोरींना हे सगळ्यात जड जातं. एखादी उत्तम हाताची पोरगी आवाज निघत नाही म्हणून कॅचर होत नाही. उलट वर्गात ‘फार बोलते’ म्हणून बोलणी खाणारी पोरगी मला परवडते.

आता उचलण्याचं. थांबलेला बॉल उघड्या हातानं, गडगडता बॉल ग्लव्ह आणि हात दोन्ही लावून. 12 इंच घेराचा बॉल लहान हातात मावत नाही. वरवर चिमटीत धरला की निसटतो, म्हणून तो आधी जमिनीवर दाबायचा आणि मग उचलायचा. स्पर्धा येतात पावसाळ्याच्या तोंडावर नाहीतर शेवटी. आमच्या काळ्या मातीत तेव्हा बंट पडतो तिथंच रुततो. उन्हाळी शिबिरात तीच जमीन फरशीसारखी कडक, बॉल सरळ पिचरपर्यंत पळत येतो. मे महिन्यात बसवलेलं टायमिंग सप्टेंबरात उपयोगाचं नसतं, नव्यानं बसवावं लागतं.

थ्रो रनरच्या पाठीत बसतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. फर्स्ट बेसकडच्या शेवटच्या अर्ध्या अंतरात रनरला रेघेबाहेरच्या तीन फुटी पट्ट्यात पळावं लागतं. पट्टा सोडून तिनं थ्रो झेलणारीला अडथळा केला तर ती आउट. पण अंपायरच्या भरवशावर कशाला राहायचं? फर्स्ट बेस सांभाळायला आलेल्या सेकंड बेसवालीनं मैदानाच्या आतल्या बाजूला ग्लव्ह दाखवायचा, आणि उचलणारीनं रनरकडं न बघता त्या ग्लव्हकडं फेकायचं.

फक्कीच्या रेघेलगत रेंगाळणारा बॉल वेगळा. आउट मिळणारच नसेल तर हात लावू नका, बाहेर जाऊ द्या, म्हणजे तो फाऊल होतो आणि रनरला पुढं जाता येत नाही. रेघेबाहेर गेला रे गेला की लगेच हात लावा, नाहीतर परत आत वळतो.

बॅटरला तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेल्या संधी, झाल्या की ती आउट, आणि दोन स्ट्राइक झाल्यावर बंट फाऊल गेला तरी बॅटर आउट असते. त्यामुळं तेव्हा शहाणा कोच बंट क्वचितच लावतो, आणि मी फर्स्ट-थर्डवालीला चार पावलं मागं घेते. एरवीही बॅटरच्या अगदी तोंडावर जाऊ नका म्हणते. बंट दाखवून बॅट मागं ओढून जोरात मारणाऱ्या असतात, आणि एवढ्या जवळून आलेला बॉल चेहऱ्यावर बसू शकतो. फेसमास्क परवडत असेल तर कॉर्नरच्या दोघींना, म्हणजे फर्स्ट-थर्डवालीला, आधी घ्या, जर्सी नंतर.

आता वादाचा मुद्दा. चौदा वर्षांखालच्या पोरींना मी पुढच्या रनरच्या मागं लागू देत नाही. बंट पडला की फर्स्ट बेस, एक आउट पक्का. काही कोच मला भित्री म्हणतात. त्यांच्या टीम सेकंडवर फेकतात, कधी जमतं, पण फसलं की दोन्ही रनर सेफ आणि आउट शून्य. सतरा वर्षांखालच्या टीमला मात्र मी सूट देते, आणि टायब्रेकरला तर नियमच उलटा करते. सात इनिंग बरोबरीत सुटल्या की पुढची इनिंग सेकंड बेसवर रनर ठेवून सुरू होते, आणि पहिल्याच बॉलला बंट येणार हे सगळ्या मैदानाला माहीत असतं. तिथं फर्स्टवर आउट घेतला तर रनर थर्डवर, आउट एकच. पुढचा साधा उंच फटकाही तिला होमला आणतो. म्हणून तेव्हा शॉर्टस्टॉप थर्डवर जाते आणि कॅचर ‘तीन!’ ओरडते. फर्स्ट रिकामा असल्यानं हा फोर्स आउट, म्हणजे बॉल घेऊन नुसता बेसला पाय लावून मिळणारा आउट, नसतो. बॉल असलेला हात रनरला लावून टॅगच करावं लागतं. मॅचच्या धांदलीत पोरी बेसवर पाय ठेवून आउट मागत उभ्या राहतात. त्यामुळं त्या आठवड्यात शॉर्टस्टॉपला मी थर्ड बेसवर उभी करते, एकीला सेकंडवरून खरंच घसरत यायला लावते, आणि ग्लव्ह बेसच्या पुढ्यात जमिनीला टेकलेला आहे की नाही, एवढंच बघते.