वेळापत्रकाची नदी

रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला सकाळी राफ्टिंगला येणाऱ्यांना वाटतं, कुंडलिका नदी आपलीच वाट बघत बसली आहे. तिचं वेळापत्रक ठरतं ते विजेवर. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, जनित्रं फिरवतं, पुढे रवाळज्याच्या बंधाऱ्यातून सोडलं जातं, तेव्हा कुठे राफ्ट तरंगण्याइतका ओघ येतो. घाटावरच राहिलं असतं तर हेच पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. आता रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीचे शेतकरी आणि सेनापती बापट उभे राहिले, त्याच्याच पाण्यावर आपण ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणत वल्हं मारतो. तेव्हा पैसे भरले म्हणून नदी आपली, हे जरा हळू आवाजात म्हणावं.

आणि हळू आवाज हाच तर सगळा प्रश्न आहे. काठावर बायका धुणं धोपटत असतात, उथळात कुणी पाग टाकून उभा असतो. ओघ आला की त्यांना मागे सरावं लागतं, त्यात आपली वरात येते. दोन राफ्टमधली पाणी उडवायची लढाई काठावरच्या मावशीच्या पिळून ठेवलेल्या कपड्यांवर संपते. मासे धरणाऱ्याच्या अंगावरून आरोळी ठोकत गेलं, की त्याची सकाळ गेलीच.

पूर्वी पाणवठ्याला शिरस्ता होता. वर पिण्याचं पाणी, खाली आंघोळ, त्याखाली धुणं, सगळ्यांत खाली गुरं. त्या शिरस्त्याचे गोडवे मी गाणार नाही. कोण वर आणि कोण खाली हे जातीनंही ठरायचं, आणि याच जिल्ह्यात, महाडला, १९२७ साली चवदार तळ्यावर त्याचा जाब विचारला गेला. पण आपल्यानंतर खाली कुणीतरी हे पाणी वापरणार आहे, एवढं भान त्यातलं ठेवायला हरकत नाही. बाटली फुटते वरच्या खडकावर, पाय कापतो खालच्या पोराचा.

पाट्यांनी काही होत नाही. पाटीखालीच वेफर्सची पाकिटं सापडतात. गाईडच्या शब्दाने मात्र होतं. ही पोरं बहुतेक आसपासच्या गावांतली. “फॉरवर्ड, फॉरवर्ड” ओरडता ओरडता एक जण मध्येच म्हणाला, “आता जरा गप. पुढच्या वळणावर आमची काकू असते.” अख्खी राफ्ट गप्प झाली. पलीकडच्या काठाने निघालो, कुणी मोबाइलसुद्धा काढला नाही. काकूंनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा चादर आपटायला घेतली.

प्रत्येक वळणावर कुणाची तरी काकू असतेच म्हणा. ड्रोन उडवणाऱ्यांना ती वरून दिसते. त्यांचं काय करावं, हे त्या गाईडलाही सुचलेलं नाही.