निराधार योजनेची पात्रता आणि २१,००० रुपयांची अट

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्ज मी गेली काही वर्षे ओळखीच्या आणि नात्यातल्या लोकांना भरून देतो. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. अर्जदार खरोखर किती निराधार आहे, यापेक्षा त्याच्या घरचे उत्पन्न कागदावर किती दिसते, यावरच त्याची पात्रता बहुतेक वेळा ठरते.

ही योजना १९८० पासून सुरू आहे. वयाची १८ ते ६५ वर्षे, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य, आणि विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, दुर्धर आजाराने ग्रासलेले, ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेले अशा ठरवून दिलेल्या वर्गांपैकी एखाद्यात मोडणे, या तिच्या ढोबळ अटी आहेत. अनाथ मुलांना वयाची ही खालची मर्यादा लागू नाही. अनुदान २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाले आणि दिव्यांगांसाठी ते २०२५ मध्ये २,५०० रुपये करण्यात आले.

खरी अडचण उत्पन्नाच्या अटीची आहे. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव नसेल, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० रुपये आहे. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, आणि तेही एकट्या अर्जदाराचे नव्हे तर सगळ्या घराचे. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये मजुरी होती. त्या हिशेबाने एखाद्या विधवेने हमीच्या १०० दिवसांपैकी ७१ दिवस काम केले, तरी तिची मजुरी या मर्यादेच्या पुढे जाते. दुसरीकडे, २०२४ मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेत तेवढेच १,५०० रुपये मिळतात आणि तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. दोन्ही योजना एकाच सरकारच्या असताना निराधार बाईला जास्त कडक चाळणी का लावावी, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

या अटीचा परिणाम उत्पन्नाच्या दाखल्यावर उघड दिसतो. अर्जदार स्वयंघोषणापत्र लिहून देतो, तलाठी चौकशी करून अहवाल देतो आणि तहसील कार्यालयातून दाखला निघतो. माझ्या हाताखालून गेलेल्या दाखल्यांवर आकडा जवळजवळ नेहमी वीस हजारांच्या आसपासच असतो, मग ते घर मजुरीवर चालणारे असो किंवा भावाच्या आधारावर. यात कोणी लबाडी करते असे मी म्हणणार नाही, कारण खरा आकडा लिहिला तर गरजू माणूसच बाहेर पडतो, हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना ठाऊक असते. मात्र तलाठ्याने एखाद्या वर्षी हात आखडता घेतला आणि दाखल्यावर तीस हजार लिहिले, की अर्ज तिथेच संपतो. म्हणून दाखला हातात पडताच, तिथून हलण्यापूर्वी, आकडा अक्षरी आणि अंकी दोन्हीकडे वाचून पाहावा आणि त्याची मुदतही बघावी.

वर्ग सिद्ध करणे काहींना सोपे जाते, काहींना नाही. विधवेकडे पतीच्या मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडे न्यायालयाचा आदेश. परित्यक्तेकडे काय असते? नवऱ्याने टाकले याचा कागद कोणी करून ठेवत नाही, त्यामुळे तिला स्थानिक चौकशी, पंचनामा आणि शेजाऱ्यांचे जबाब यांवर विसंबावे लागते, आणि गावात सासरचे वजन असेल तर जबाब द्यायला कोणी पुढे येत नाही. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त हेलपाटे याच बायकांच्या वाट्याला येतात. नावांचा घोळही नित्याचाच असतो. मृत्यूच्या दाखल्यावर पतीचे पूर्ण नाव, शिधापत्रिकेवर घरगुती नाव आणि बाईच्या आधार कार्डावर अजून माहेरचे आडनाव, असे असेल तर आधी नावे जुळवून घ्यावीत आणि मगच सेतू केंद्रात अर्ज करावा.

वय ६५ झाले की निराधार योजनेऐवजी वृद्धांना निवृत्तिवेतन देणारी श्रावणबाळ योजना लागू होते. ज्यांचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे, त्यांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचाही वाटा असतो. ८० वर्षांखालील वृद्धांसाठी तो महिन्याला २०० रुपये आहे आणि बाकीची रक्कम राज्य घालते. ही यादी ज्या सर्वेक्षणावर आधारलेली आहे, ते २००२ सालचे आहे, त्यामुळे त्यानंतर वेगळी झालेली किंवा विपन्नावस्थेत आलेली अनेक कुटुंबे तीत नाहीत.

अर्ज मंजूर झाला तरी पैसे आता थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. खात्याला आधार क्रमांक दिलेला असणे पुरेसे नाही. आधारवरून येणारे पैसे कोणत्या खात्यात जमा होतील, याची नोंद त्याच खात्याची असावी लागते, आणि ती बँकेत विचारून घ्यावी. वर्षातून एकदा हयातीचा दाखलाही द्यावा लागतो. आणखी एक गोष्ट अनेकांना कोणी सांगतच नाही. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस वारला, तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. विधवेचा अर्ज करायचा असतो तेव्हा मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका आणि बँकेचे पासबुक हाताशी असतेच, त्यामुळे हा दुसरा अर्जही मी त्याच दिवशी भरून घेतो.