कुमरी

दुपारी खालून करवतीचा आवाज आला. पावसाळ्याआधीची छाटणी. गुलमोहोराचा नुसता खांब उरला, तरी नोटिशीत ती छाटणीच.

आजोळी, कोकणात, झाड ‘छाटत’ नसत, ‘कवळ’ काढत. मामा कमरेच्या आकडीला कोयता अडकवून ऐनावर नाहीतर किंजळावर चढायचा आणि पाल्यासकट डहाळ्या खाली टाकायचा. त्या ओढत न्यायचं काम आम्हा पोरांचं. मग भाजावळ. तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, कवळ, पातेरा, वर थोडी माती, आणि आग. सगळ्या वाडीभर धूर, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवरून मामीची बडबड. घाटाकडे यालाच राब म्हणतात. राब म्हटलं की राबणं आठवतंच, नातं खरं असो नसो.

डोंगरावर हाच उद्योग मोठा व्हायचा. उतारावरचं रान तोडायचं, उन्हात वाळू द्यायचं, जाळायचं, राखेत नाचणी-वरी पेरायची. जमीन थकली की पुढचा उतार. दक्षिण कोकणापासून कारवारपर्यंत कुमरी, गोव्यात कुमेरी, मध्य प्रदेशात मंडल्याच्या बैगा आदिवासींची बेवर, ईशान्येला झूम. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या जुन्या अँग्लो-इंडियन कोशात कुमरी आहे: कानडी शब्द, पण आला मराठी ‘कुंबरी’वरून, म्हणजे हलक्या मातीचा डोंगरउतार. एरवी उसनवारी उलट्या दिशेची, त्यामुळे मला उगाचच बरं वाटलं. पण या शब्दात झाड नाही, कोयता नाही, आगही नाही. ‘तोड’ गेली ती लाकूडतोड्याच्या वाट्याला. त्याच्या गोष्टीत देवी कुऱ्हाड कुणाची ते तीनदा विचारते, झाड कुणाचं ते एकदाही नाही!

ते विचारलं इंग्रजांच्या वनखात्याने. कुमरी म्हणजे जंगलाची नासाडी, असं म्हणत त्यांनी ती ठिकठिकाणी बंद पाडली आणि सागाचे ओंडके स्वतः नेले. रायगडाकडे कातकरी-ठाकरांना ‘दळी’ म्हणून काही तुकडे कसायला दिले, मालकी मात्र सरकारचीच. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर त्या दळींचे दावे दाखल झाले. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा दाखवा, असं कायदा म्हणतो. ज्याच्या आज्याने चार वर्षं हा उतार कसला आणि मग पलीकडचा, त्याने बोट नक्की कुठे ठेवायचं?