करीचे चोवीस आणि आमची स्कोअरशीट

पॅरिस ऑलिम्पिकमधल्या पुरुष बास्केटबॉल फायनलच्या आकडेवारीचा कागद आमच्या शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीच्या दारावर चिकटवलेला आहे. अमेरिका ९८, फ्रान्स ८७. तिकडे १० ऑगस्ट २०२४ ची रात्र, इकडे यवतमाळ जिल्ह्यात ११ तारीख लागून गेलेली. मॅच थेट बघणारा गावात मी एकटाच असेन. डवरणीचे दिवस, रात्री एक वाजता कोण जागतं?

पोट्टे कागदाजवळ आले की आधी गुणांचा रकाना बघतात. वेम्बान्यामा २६, करी २४, याबुसेले २०. लगेच निकाल तयार: "मंग सगळ्यात भारी वेम्बान्यामाच ना जी सर?" आता सव्वासात फुटांच्या वर गेलेला तो पोरगा भारी आहेच, त्यात वाद नाही. त्याचे आणि याबुसेलेचे मिळून ४६ म्हणजे फ्रान्सचे निम्म्याहून जास्त गुण झाले. पण नुसता गुणांचा रकाना वाचणं म्हणजे निकालपत्रात फक्त टक्के बघणं.

अमेरिकेच्या स्टीफन करीची ओळ नीट वाचा म्हटलं. एकूण १३ शॉट, पडले ८. त्यातले तीन गुणांचे १२, पडले तेही ८. म्हणजे दोन गुणांचा शॉट त्याने उभ्या मॅचमध्ये एकदाच मारला आणि तो हुकला. फ्री थ्रोचा, म्हणजे फाऊलबद्दल मिळणाऱ्या एका गुणाच्या मोकळ्या शॉटचा, एकही गुण नाही. आठ त्रिक चोवीस, हिशेब संपला. आठवीतल्या एका पोरीने हे माझ्याआधी बोटावर मोजून सांगितलं. शेजारचा पोरगा म्हणे, "दोनचं एकबी नाही पडलं? काऊन?" कारण तो आत घुसतच नव्हता. जिच्या बाहेरून तीन गुण मिळतात त्या ६.७५ मीटरच्या रेषेबाहेर उभं राहायचं, दोघं अंगावर आले तरी हात वर न्यायचा. आमच्या कोर्टवर ती रेषा आम्ही चुन्याने आखतो, आणि पावसाळ्यात ती दोन दिवसही टिकत नाही.

पण मला खरं बोलायचंय ते सरासरीबद्दल. त्या ऑलिम्पिकमध्ये करीची सरासरी सामन्याला १४.८ गुण पडते. शांत, भरवशाच्या खेळाडूचा आकडा वाटतो ना? प्रत्यक्षात पहिल्या चार सामन्यांत त्याचे गुण होते ११, ३, ८ आणि ७. चार सामने मिळून २९. तीनच्या २० प्रयत्नांत ५ पडले. नंतर सर्बियाविरुद्ध सेमीफायनलला ३६ आणि फायनलला २४. या दोन सामन्यांत तीनचे २६ मारले, १७ पडले. सगळं एकत्र कालवलं की १४.८ निघतात, आणि १४.८ च्या आसपासचा एकही सामना त्यात सापडत नाही. सर्वात जवळचा ११ चा. आमच्याकडच्या कास्तकाराला हे समजावून सांगावं लागत नाही. कागदावर तालुक्यात पाऊस सरासरीइतका, आणि वावरात अर्धा मोसम कोरडा, उरलेला चार दिवसांत धुरा फोडून गेलेला.

सेमीफायनलचा कागद तर ठेवूनच द्यावा असा. सर्बिया एका वेळी १७ गुणांनी पुढे होती. पहिल्या क्वार्टरला, म्हणजे पहिल्या दहा मिनिटांत, अमेरिकेचे २३ गुण, त्यात एकट्या करीचे १७. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा सर्बिया ७६, अमेरिका ६३. शेवटच्या दहा मिनिटांत ३२ विरुद्ध १५, आणि मॅच ९५-९१ अशी फिरली. अमेरिकेच्याच लेब्रॉन जेम्सचे त्या दिवशी १६ गुण, १२ रिबाऊंड (हुकलेल्या शॉटचा पकडलेला बॉल), १० असिस्ट (ज्यावर सोबत्याने गुण केला तो पास). हे सगळं घडलं तेव्हा मी घरातल्यांना उठवू नये म्हणून तोंडावर टॉवेल धरून बसलो होतो. असो.

तर फायनल. आकडेवारीच्या कागदावर एक गोष्ट नसते, ती म्हणजे क्रम. करीचे आठ थ्री पडले एवढं तो सांगतो. कधी पडले ते सांगत नाही. ते टेबलवर बसून स्कोअर लिहिणाऱ्याच्या कागदावर असतं. म्हणून तालुक्याच्या स्पर्धेतून उरलेली कोरी स्कोअरशीट काढली, मॅचचा शेवटचा भाग मोबाईलवर लावला आणि पोरांना लिहायला बसवलं. नाहीतरी स्पर्धेत टेबलवर बसायला कोणी तयार नसतं, सगळ्यांना खेळायचंच असतं.

ज्यांनी ही शीट पाहिली नाही त्यांच्यासाठी: रनिंग स्कोअरच्या भागात १ पासून १६० पर्यंत आकडे छापलेले असतात, दोन्ही संघांचे शेजारीशेजारी. दोन गुण पडले की संघाच्या नव्या बेरजेवर तिरपी रेघ मारायची आणि बाजूला खेळाडूचा नंबर लिहायचा. फ्री थ्रोला रेघ नाही, भरीव ठिपका. तीन गुण पडले तर खेळाडूच्या नंबरला गोल करायचा. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनाने, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्याने. क्वार्टर संपला की शेवटच्या आकड्याला जाड गोल आणि खाली आडवी रेघ. कोणता शॉट किती वाजता पडला ते लिहायचं नसतं, तरी नीट लिहिलेली शीट वाचली की मॅच डोळ्यांसमोर उभी राहते. मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकत होतो तेव्हा हे लिहिण्याचा भारी कंटाळा यायचा.

पोरांनी चौथा क्वार्टर निळ्याने सुरू केला, अमेरिका ७२, फ्रान्स ६६ वरून. फ्रान्स चिवटपणे जवळ सरकत राहिलं आणि ८२-७९ झालं. तीन मिनिटांच्या आसपास बाकी. एका थ्रीची मॅच. इथून पुढे अमेरिकेच्या बाजूची शीट बघा. ८५ वर रेघ, शेजारी ४, ४ ला गोल. चार नंबर म्हणजे करी. नेट अडकलं, पोरं ओरडली, पुन्हा सुरू झालं. मग आणखी एक गोलातला ४, आणखी एक, आणि ९६ वर शेवटचा. तो त्याने फ्रान्सचे बातुम आणि फुर्निए असे दोघं समोर असताना मारला. ८२ पासून ९८ पर्यंत अमेरिकेने १६ गुण केले, त्यातले १२ त्याचे. रकान्यात वरून खाली चार गोल दिसतात. दारावरच्या कागदावर हे चार आणि आधीचे चार यांत काहीच फरक नाही.

"मंग मॅन ऑफ द सिरीज त्यालेच भेटलं असन?" नाही, स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू लेब्रॉन ठरला. यावर आमच्याकडे अजून भांडण चालू आहे. माझं मत लेब्रॉनच्या बाजूने. त्याची सरासरी १४.२ गुण, ६.८ रिबाऊंड, ८.५ असिस्ट, आणि फायनललाही १४ गुण, १० असिस्ट. करीचा नेम लागत नव्हता त्या चार सामन्यांतही अमेरिका जिंकतच होती, ती कोणाच्या जिवावर? पोरांना पटत नाही. गोल मारलेला ४ त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलाय ना.

एका पोराने मात्र वेगळंच विचारलं: "सर, हुकलेले कुठं लिहाचे?" स्कोअरशीटवर त्यांना जागाच नाही. पडलेले शॉट, फाऊल, टाइमआऊट असंच लिहितात. करीचे पहिल्या चार सामन्यांतले हुकलेले १५ थ्री फक्त आकडेवारीच्या कागदाला माहीत. म्हणून आता आमच्या सरावाला एक शंभर पानी वही वेगळी ठेवली आहे, आणि ती त्या आठवीतल्या पोरीकडे आहे. रिंगला जाळी नाही, त्यामुळे शॉट पडला की नुसता बाजूने गेला यावर रोज वाद होतो, पण वहीत तिचा शब्द शेवटचा. आमच्या कॅप्टनने वही बदलायची मागणी केली आहे. त्याचं पान सगळ्यात आधी भरलं.